पैसे यायला कार्ड लागत नाही

प्रश्न : आमचं देवबागला तीन खोल्यांचं होमस्टे आहे. पावसाळ्यात धंदा जवळजवळ बंदच असतो. गेल्या आठवड्यात एकाचा हिंदीत फोन आला. नेव्हीतून बोलतो म्हणाला, कॅम्पच्या माणसांसाठी तीनही खोल्या चार दिवस पाहिजेत, जेवणासकट. व्हॉट्सॲपवर ओळखपत्र आणि गणवेशातला फोटो पाठवला. मग म्हणाला, आमच्या ऑफिसातून ॲडव्हान्स थेट कार्डावर जमा होतो, कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो द्या. मी दिले. मोबाइलवर आलेला नंबरही सांगितला. संध्याकाळी ७.१२ ला २३,५०० रुपये गेले. घाबरून कार्डामागच्या नंबरवर फोन लावला, तो ७.२५ ला लागला. सगळं सांगितलं, तक्रार क्रमांकाचा मेसेजही आला. तरी ७.५८ ला आणखी १४,२०० गेले, आणि या वेळी ओटीपी आलाच नव्हता. शाखेत गेले तर साहेब म्हणाले, "ओटीपी तुम्हीच दिलात, आता काही होणार नाही." पोलिसांत गेलो नाही, वाडीत बोभाटा नको म्हणून. मिस्टर म्हणतात, कार्ड कापून टाक, रोखीनेच धंदा करू. सासूबाई म्हणतात, "ह्यां कार्ड तुका कित्याक व्हया?" त्या स्वतः मात्र पेन्शन एटीएममधूनच काढतात आणि तिथे त्यांना कोणाची तरी मदत लागते. पैसे परत मिळतील का? पुढे काय करू?
— एक वाचक, देवबाग, ता. मालवण

उत्तर :

ताई,

आधी पैशांचं बोलू. तुमच्या पत्रात चोऱ्या दोन आहेत आणि शाखेतल्या साहेबांनी त्या एकाच वाक्यात मिटवून टाकल्या. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मीही बरीच वर्षं नोकरी केली आहे. "आता काही होणार नाही" हे वाक्य तिथे किती सहज तोंडात येतं ते मला माहीत आहे. गर्दी असते, सर्व्हर बसलेला असतो, आणि समोरचं माणूस रडवेलं असलं की साहेबालाही ते प्रकरण लवकर संपायला हवं असतं. म्हणून तोंडी उत्तरावर जाऊ नका.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. खातेदाराच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले तर नुकसान कोणी सोसायचं, हे त्यात लिहिलं आहे. त्यातली तुमच्या कामाची ओळ अशी : ग्राहकाने पिन, ओटीपी वगैरे स्वतःच्या हाताने दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

आता तुमची घड्याळं लावून बघा. ७.१२ चे २३,५०० कळवण्याआधीचे आहेत. ते बँकेकडून मिळतील अशी आशा मी लावणार नाही, खोटी आशा लावण्यात काही पुण्य नाही. पण ७.५८ चे १४,२०० तुम्ही कळवल्यानंतर ३३ मिनिटांनी गेले. तक्रार क्रमांक हातात आल्यावरही कार्ड चालू राहिलं, तर तो दोष तुमचा कसा? ही रक्कम तुम्ही मागायची आहे, आणि विनवणीच्या सुरात मागायची नाही.

अर्ज लेखी द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर तारखेसह पोचशिक्का घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. मजकूर साधाच ठेवा : "अमुक तारखेला ७.२५ वाजता मी कार्डाचा गैरवापर बँकेच्या हेल्पलाइनवर कळवला. तक्रार क्रमांक अमुक. त्यानंतर ७.५८ वाजता १४,२०० रुपयांचा व्यवहार झाला. तो मी केलेला नाही व त्यासाठी मी ओटीपी दिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार कळवल्यानंतरचं नुकसान बँकेने सोसायचं आहे. रक्कम खात्यात जमा करावी." सोबत मोबाइलमधल्या कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट, तक्रार क्रमांकाचा मेसेज आणि दोन्ही डेबिटचे मेसेज जोडा. बँक म्हणेल, फोन कधी आला ते आम्हाला बघावं लागेल. बघू द्या. मेसेज कधी पोचला आणि ग्राहकाचं उत्तर कधी आलं याची वेळ नोंदवून ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि तक्रार ९० दिवसांत निकाली काढायची, अशा मुदतीही त्यात आहेत. शाखेत कार्डाच्या व्यवहारासाठीचा डिस्प्यूट फॉर्म, म्हणजे "हा व्यवहार मला मान्य नाही" असं कळवण्याचा फॉर्मही मागा. ओटीपीशिवाय झालेला व्यवहार बँकेला दुकानदाराच्या बँकेकडून परत मागता येतो, पण त्यासाठी तुमचा फॉर्म लागतो.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. २०२१ पासून देशभर एकच योजना आहे. तक्रार पोर्टलवर करता येते, वकील लागत नाही, फी नाही. काही अडलं तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या नंबरवर विचारा.

उरले २३,५००. त्यांच्यासाठी १९३० हा सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा सरकारी नंबर आहे, आणि तो तुम्ही अजून फिरवलेला नाही. हे पत्र वाचून झालं की पहिलं काम तेच करा. तक्रार नोंदली की ती पैसे ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये गेले तिकडच्या बँकेपर्यंत पोचते, आणि तिथे रक्कम शिल्लक असेल तर ती गोठवली जाते. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, तासाभरात चार ठिकाणी फिरवून एटीएममधून काढतात. म्हणून पहिल्या तासाला जेवढी किंमत तेवढी आठवड्यानंतरच्या दिवसाला नाही. तरी करा. कधी कधी मधल्या एखाद्या खात्यात थोडे अडकलेले असतात. ते सोडवायला कधी कोर्टाचा आदेश लागतो, वेळ जातो, पण नोंदच नसेल तर सोडवणार काय?

बोभाट्याची भीती मला समजते. पण १९३० ला वाडीतलं कोणी बसलेलं नसतं, आणि पुढचा तपशील राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरूनच भरता येतो. मालवणच्या ठाण्यात ओळखीचं कोणी भेटेल असं वाटत असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जा. लाजेने गप्प बसलेल्या माणसावरच या चोरांचा धंदा चालतो. आणि एक करा, त्या माणसाबरोबरचं व्हॉट्सॲपचं संभाषण रागाने पुसू नका. त्याचा नंबर, त्याने पाठवलेलं ओळखपत्र, कार्ड मागणारे मेसेज, सगळा पुरावा त्यातच आहे. ओळखपत्र त्याचं नसणारच. ते बहुधा अशाच फसवलेल्या दुसऱ्या कोणाचं किंवा संगणकावर बनवलेलं असेल.

थोड्या दिवसांनी आणखी एक फोन येईल, त्याची तयारी आत्ताच ठेवा. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवायला २,००० रुपये प्रोसेसिंग भरा" किंवा "परतावा द्यायचाय, हे ॲप टाका." एकदा फसलेल्या माणसाचा नंबर हे लोक जपून ठेवतात आणि एकमेकांना विकतात. गेलेले पैसे परत मिळवायची घाई असते, म्हणून माणूस दुसऱ्यांदाही सापडतो. पोलीस असोत की बँक, पैसे परत करायला कोणी पैसे मागत नाही.

आता, तुम्ही कशा फसलात हे. पत्रात तुम्ही स्वतःला दोन ठिकाणी मूर्ख म्हटलं होतं, ती वाक्यं मी छापताना गाळली. हा सापळा तुमच्यासाठी मापून शिवलेला होता. १ जूनपासून मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, वॉटर स्पोर्ट बंद, पर्यटक नाही, आणि अशात तीन खोल्या चार दिवस जेवणासकट! कोणाला नको असतं? वर नेव्हीचं नाव. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन तुमच्या शेजारी तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला, लढाऊ जहाजं घराच्या पडवीतून दिसली. त्यामुळे मालवणात नेव्हीवाल्याचा फोन यात कोणाला काही विचित्र वाटणार नाही. हीच गोष्ट आर्मीच्या नावाने देशभरात होमस्टेवाल्यांशी, केटररशी, जुनी गाडी विकणाऱ्यांशी चालते. आंब्याच्या दिवसांत पेट्यांची घाऊक ऑर्डर देणारा "मेजरसाहेब" देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारालाही भेटू शकतो. गणवेश बघितला की आपण प्रश्न विचारायला संकोचतो, आणि सगळा खेळ त्या संकोचावर उभा असतो.

पण फोन करणारा कोणीही असो, सोंग कुठलंही असो, एक गोष्ट त्याला बदलता येत नाही. कार्डावरचा १६ आकडी नंबर, मुदतीची तारीख, मागचे तीन आकडे आणि मोबाइलवर येणारा ओटीपी, हे चारही तुमच्या खात्यातून पैसे बाहेर काढण्यासाठी आहेत. अनोळखी माणसाला तुम्हाला पैसे द्यायचे असतील तर त्याला खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड पुरतो, नाहीतर यूपीआय आयडी. बास. दुकानातून घेतलेली वस्तू परत केली तर पैसे कार्डावर येतात हे खरं, पण तेव्हाही तुम्हाला कोणी ओटीपी विचारत नाही. यूपीआयचंही तेच : पिन टाकायची वेळ आली म्हणजे पैसे जाणार आहेत.

तुम्हाला आलेला तो ओटीपीचा मेसेज परत उघडून बघा. बहुतेक बँकांच्या मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानाचं नाव असतं. "२३,५०० रुपयांच्या खरेदीसाठी" असं त्यात लिहिलेलं असण्याची शक्यता खूप आहे. पण त्या क्षणी आपण फक्त सहा आकडे वाचतो, कारण फोनवरचा माणूस "मॅडम, जल्दी, टाइम आउट हो जाएगा" म्हणत असतो. घाई तो मुद्दाम करतो.

आणि दुसऱ्या वेळी ओटीपी का आला नाही? आपल्याकडच्या संकेतस्थळांवर कार्ड वापरलं की ओटीपी लागतो, परदेशी संकेतस्थळांवर बऱ्याचदा लागत नाही. नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होतो, आणि ते तर फोटोत होते. स्टेटमेंटवर ७.५८ च्या नोंदीपुढे परदेशी चलन किंवा परदेशी नाव आहे का बघा. असेल तर तुमच्या कार्डाचा परदेशी वापर चालू होता. खरं तर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे नवं कार्ड येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनसाठी चालू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देणं, हे तीनही तुम्ही सांगितल्याशिवाय सुरू करायचं नाही. मग तुमचं कोणी सुरू केलं? घरातल्या एखाद्या भाच्याने ॲप लावून देताना सगळीच बटणं हिरवी केली असतील. आपल्याकडे हे फार होतं. पोरं प्रेमाने मदत करतात आणि विचारत नाहीत.

म्हणून मिस्टरांना सांगा, कार्ड कापायची गरज नाही. म्हणजे हे कार्ड तर जाणारच आहे : व्हॉट्सॲपवरचा फोटो तुम्ही "सर्वांसाठी डिलीट" केला असलात तरी त्याच्याकडे तो राहिलेला आहे, आणि नुसता पिन बदलून उपयोग नाही, कारण ऑनलाइन चोरीला पिन लागतच नाही. हे कार्ड कायमचं बंद करून नव्या नंबरचं घ्या. ॲपमधलं तात्पुरतं बंद आणि कायमचं ब्लॉक यात फरक असतो, तुम्हाला दुसरं करायचं आहे. बऱ्याच बँकांत कार्डाच्या तपशिलावरून नेट बँकिंगचा पासवर्डही नव्याने घेता येतो, तेव्हा तोही त्याच दिवशी बदला.

रोखीचा सल्ला मात्र मला पटत नाही. पुण्या-मुंबईचा पाहुणा आता रोख घेऊन येत नाही, आणि चतुर्थीला चाकरमानी आले की तालुक्याच्या एटीएमसमोर रांग लागते आणि दुपारपर्यंत पैसे संपतात. रोखीला चोर नाही असंही नाही.

"सावध राहा" हा सल्ला सगळे देतात. मला त्यावर फारसा भरवसा नाही. सावध माणूस दिवसाचे चोवीस तास सावध राहत नाही. पाहुण्यांचं जेवण चुलीवर असतं, लाइट गेलेली असते, तेवढ्यात फोन येतो. बँकेतले निवृत्त अधिकारी फसलेले मी बघितले आहेत. तेव्हा आपण चुकणार हे धरून चालायचं आणि चूक झाली तरी तोटा लहान राहील अशी व्यवस्था आधी लावून ठेवायची. कार्डाच्या बाबतीत ती लावता येते, फुकट लावता येते.

पहिली गोष्ट, खाती दोन करा. मासळीबाजारात जाताना आपण घरातले सगळे पैसे बरोबर नेतो का? लागतील तेवढेच कनवटीला लावतो. तसं एक छोटं खातं, त्यालाच कार्ड, त्यालाच यूपीआय, पाहुण्यांच्या क्यूआरचे पैसेही तिथेच. दर आठवड्याला त्यातले जास्तीचे पैसे दुसऱ्या खात्यात टाका. त्या दुसऱ्या खात्याला कार्ड नाही, यूपीआय नाही, नेट बँकिंगही नाही. त्यातून काढायला मालवणला शाखेत जावं लागेल, अर्धा दिवस मोडेल. तो मोडू द्या. फोनवरच्या चोराला तुम्हाला शाखेत पाठवता येत नाही. ठेव असेल तर ती छोट्या खात्याला जोडलेली नाही ना, एवढं विचारून घ्या. काही खात्यांत ऑटो स्वीपची सोय असते : शिल्लक संपली की बँक आपोआप ठेव मोडून पैसे पुरवते. अशा खात्याचं कार्ड चोराला मिळालं तर त्याचा हात ठेवीपर्यंत जातो, आणि हे खातेदाराच्या गावीही नसतं.

दुसरी गोष्ट, ती बटणं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या पानावर ती असतात. ॲप नको असेल तर शाखेत किंवा एटीएमवरही हे करता येतं. परदेशी वापर कायम बंद. तुम्हाला त्याचं काम नाही. ऑनलाइन वापर बंद. रेल्वेचं तिकीट काढायचं असेल तेव्हा पाच मिनिटांसाठी चालू करा, परत बंद करा. ऑनलाइन बंद असलं तरी यूपीआय चालतंच, ते कार्डावर अवलंबून नाही. हे बटण बंद असतं तर फोटो पाठवूनही त्या माणसाच्या हाती त्या संध्याकाळी काही लागलं नसतं. तुम्ही म्हणाल, त्याने फोनवर बोलत बोलत मला बटणही चालू करायला लावलं असतं. लावलं असतं, हो. पण "पैसे यायला ऑनलाइन खरेदी कशाला चालू करायची?" हा प्रश्न मनात यायला तेवढी उसंत तरी मिळाली असती.

टॅप करून पैसे देण्याची सोय, म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवायचं, ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय चालते. तुम्हाला ती लागत नसेल तर तीही बंद करा. मग मर्यादा : एटीएमची दिवसाची मर्यादा बँक २५,००० किंवा जास्तही ठेवते, तुम्ही ती ५,००० वर आणा. लागलं तर वाढवता येते.

बाकीचं थोडक्यात. कार्डामागचे तीन आकडे पाठ करा आणि त्यावर चिकटपट्टी लावा. पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात कार्ड घेऊन कोणाला आत जाऊ देऊ नका, "मशीन इकडे आणा" म्हणा, आणतात. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे चोरांनीही आपले नंबर पेरलेले असतात. तो कार्डामागून किंवा पासबुकावरून उतरवून १९३० सोबत कॅलेंडरच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण घाबरल्यावर मोबाइलमधलं काही सापडत नाही. बँका आता कामाचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करू लागल्या आहेत, पण तिथूनही कोणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही. फोन दुरून चालवायला देणारी ॲप, लग्नाच्या पत्रिकेच्या किंवा वाहतुकीच्या दंडाच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (उघडली की मोबाइलवर ॲप बसवणारी), हे उघडायचं नाही, ओळखीच्या माणसाकडून आलं असलं तरी. त्याचाच फोन आधी चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

एक गोष्ट खास तुमच्या किनारपट्टीची. सिमची रेंज अचानक गेली आणि तासन्‌तास आली नाही, तर कोणीतरी तुमच्या नावाचं दुसरं सिम काढलं असेल, असा इशारा सगळीकडे देतात. देवबागला पावसात रेंज जाणं ही काही बातमी नाही, त्यामुळे हा इशारा तुम्हाला कळणारच नाही. शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचं सिम असेल तर त्याची रेंज आहे का ते विचारा. त्याची असेल आणि तुमची नसेल, तर कंपनीच्या दुकानात जा. आणि बँकेचे मेसेज मोबाइलसोबत ईमेललाही येतील असं करून घ्या, वायफायवर ते तरी दिसतील.

आता सासूबाई. त्यांच्यावरचा धोका तुमच्यापेक्षा जुन्या चालीचा आहे आणि त्याला मोबाइल लागत नाही. एटीएममध्ये म्हातारं माणूस गोंधळलं की एखादा सभ्य दिसणारा तरुण पुढे येतो, "आजी, मी काढून देतो" म्हणतो. पैसे नीट काढून देतो, मोजूनही देतो. मात्र परत देताना हातात दुसरं कार्ड ठेवतो, त्याच बँकेचं, त्याच रंगाचं. पिन त्याने बघितलेला असतोच. आजी घरी येतात, कार्ड पाकिटात ठेवतात आणि पुढची पेन्शन काढायला जाईपर्यंत महिना जातो. तोवर खातं रिकामं. इथे त्यांनी पिन स्वतःहून दाखवला म्हणून बँक हात वर करू शकते.

त्यांना "कोणाची मदत घेऊ नका" सांगून भागणार नाही, डोळ्यांना स्क्रीन दिसत नाही तर त्या काय करणार? त्यांच्या कार्डावर मार्करने, समोरच्या बाजूला, एक ठळक खूण करा, स्वस्तिक काढा, काहीही. हातात परत आलेल्या कार्डावर ती खूण नसेल तर तिथेच ओरडायचं. त्यांच्या कार्डाची एटीएम मर्यादा महिन्याला लागतात तेवढ्यावरच आणा आणि बाकी सगळं बंद ठेवा. त्यांच्या खात्याला मेसेजसाठी कोणाचा मोबाइल जोडला आहे ते बघा. पुष्कळदा तो मुंबईतल्या मुलाचा जुना, बंद पडलेला नंबर निघतो. सगळ्यात बरं म्हणजे शाखेतून स्लिप भरून पैसे काढणं. ज्येष्ठ नागरिकांना रांगेत प्राधान्य द्यायच्या सूचना बँकांना आहेत, त्या मागून घ्या. गावात येणाऱ्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीकडे, अंगठा देऊन काढत असतील तर प्रत्येक वेळी पावती घ्या आणि पासबुक भरून आणा. आधारवरच्या बोटांच्या ठशांना आधारच्या ॲपमधून लॉक लावता येतं आणि काढायच्या वेळी उघडता येतं, हे तुमच्या भाच्याकडून करून घ्या. या वेळी तो काय करतो ते शेजारी बसून बघा.

पाहुण्यांचं एक राहिलं. खोली सोडताना मोबाइलवर हिरव्या खुणेचं चित्र दाखवून "पेमेंट झालं" म्हणणाऱ्याचं चित्र बघू नका, तुमच्या खात्यात आलं का ते बघा. तसली खोटी चित्रं बनवणारी ॲप आहेत. आणि पडवीत लावलेल्या क्यूआरवर कोणी दुसरा स्टिकर चिकटवून गेलं नाही ना, हे सकाळी झाडताना एकदा बघायचं.

चतुर्थी झाली की ऑक्टोबरपासून बुकिंगचे फोन सुरू होतील, आणि त्यात एखादा नेव्हीवाला किंवा आर्मीवाला परत असेल. खरे जवानही फिरायला येतातच, त्यांना संशयाने वागवायचं कारण नाही. सगळ्यांना एकच मेसेज पाठवा, आत्ताच लिहून मोबाइलमध्ये ठेवून द्या : "खोली पक्की करण्यासाठी निम्मी रक्कम आगाऊ. खाते क्रमांक व यूपीआय आयडी खाली दिला आहे. रक्कम जमा झाल्यावर पावती पाठवू. कार्डाचा तपशील किंवा ओटीपी आम्ही कोणालाही देत नाही." ज्याला खोली हवी आहे तो पैसे पाठवतो. जो "हमारे सिस्टम में ऐसा नहीं होता" म्हणू लागेल, त्याला त्याची सिस्टम आणि तुमच्या तीन खोल्या वेगळ्या राहू द्या, फोन ठेवा आणि तो नंबर १९३० ला कळवा.